मालवणच्या सागरी अभयारण्यात हौसेने गरवणं कितपत बरोबर? नियम काय आणि गरी टाकायची तर कुठे?

खाऱ्या_पाण्याचा_नाद (पुणे)

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आम्ही मित्रमंडळी मालवणला चाललोय, मुख्य कार्यक्रम रॉड घेऊन गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे. आत्तापर्यंत आमचं सगळं गरवणं धरणांच्या बॅकवॉटरवर नाहीतर अलिबाग-रेवदंड्याकडे खाडीत, बोटीवरून खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) जिगिंग, म्हणजे जिग नावाचं जड धातूचं आमिष खोल सोडून झटके देत गरवणं, पहिल्यांदाच करणार त्यामुळे सगळे भलतेच एक्साइट झालेत. होमस्टेवाल्यांनी एका बोटवाल्याशी बोलणं करून दिलं, तो म्हणाला किल्ल्याच्या मागे खडप आहे तिथे गोबरा (ग्रुपर) आणि तांबोशी (स्नॅपर) हमखास लागते, मोठमोठे निघतात, सकाळी सहाला निघू.

मग रात्री सहज नकाशा उघडला तर लक्षात आलं की हा सगळा भाग मालवण सागरी अभयारण्यात येतो. 13 एप्रिल 1987 ला जाहीर झालंय, एकूण 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला 3.182 गाभा क्षेत्र आणि बाकीचं बफर. आणि गाभ्यात काय तर सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि आजूबाजूचे पाण्याखालचे खडक! म्हणजे बोटवाला जिथे नेणार म्हणतोय नेमकं तेच.

त्याला परत फोन करून विचारलं तर म्हणे काही होत नाही, सगळे जातात, कोणी विचारत नाही. ते खरंही असेल. पण मला ते "कोणी विचारत नाही" वर सोडून द्यायचं नाहीये. ग्रुपमध्ये विषय काढला तर दोन तट पडले. एकाचं म्हणणं अभयारण्य म्हणजे अभयारण्य, ताडोबात जाऊन कोणी चितळ मारतं का. बाकीच्यांचं म्हणणं बाहेर ट्रॉलर टनाने मासे ओढतायत, आपल्या चार रॉडनी समुद्राला काय फरक पडणार, आणि आपण तर अर्धे मासे सोडूनच देतो.

मला गरवणं सोडायचं नाही, जीव की प्राण आहे. पण ज्या खडपावर मासा वाढावा म्हणून जागा राखलीय तिथेच जाऊन तो काढायचा हे पटत नाही. तर जाणकारांनी सांगा, नियम नक्की काय, चार रॉडनी फरक पडतो की नाही, आणि तिथे जाऊन चांगल्या मनाने गरवायचं असेल तर कुठे आणि कसं?

---

वाचनवेडा_वकील (रत्नागिरी)

आधी कायद्याचं सांगतो कारण यात लोक फार गोंधळ घालतात.

अभयारण्य वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली आहे. त्याच्या कलम 29 प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय अभयारण्यातून कोणताही वन्यजीव काढता येत नाही, नष्ट करता येत नाही, त्याच्या अधिवासाला धक्का लावता येत नाही. आणि वन्यजीव म्हणजे फक्त वाघ-बिबट्या नाही, पाण्यातले प्राणी आणि पाण्यातली वनस्पतीसुद्धा त्यात येते. मग लोक विचारतात की मालवणातले मच्छीमार कसे मासे मारतात? तर समुद्रातलं अभयारण्य जाहीर करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपायचं असं कायद्यातच कलम 26अ मध्ये लिहिलेलं आहे. शब्द नीट बघा, स्थानिक आणि व्यवसाय. पुण्यामुंबईहून हौसेने आलेल्या माणसाचा त्यात कुठेच उल्लेख नाही. म्हणजे "ते मारतात मग आम्ही का नाही" हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरं म्हणजे प्रजाती. काही मासे अभयारण्यात असोत की बाहेर, कुठेही धरणं गुन्हाच. देवमुशी म्हणजे व्हेल शार्क, करवतमासा, समुद्रघोडा, जायंट ग्रुपर हे 2001 पासून संरक्षित यादीत आहेत. जायंट ग्रुपर मुद्दाम सांगतोय, कारण गोबऱ्याच्या मागे लागलेल्या माणसाला त्याचं पिल्लू लागू शकतं. ओळखता येत नसेल तर सोडा, फोटोसाठी बोटीत ठेवून बसू नका.

तिसरं, आकार. सप्टेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने 54 प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवलंय, पापलेट 135 मिलिमीटर, घोळ 700 मिलिमीटर वगैरे. तो नियम जाळीवाल्यांना डोळ्यासमोर ठेवून केलाय, पण हौशी माणसाने तो पाळायला कोणी अडवलेलं नाही. यादी मिळवा आणि बोटीत मोजपट्टी ठेवा.

---

रॉड_आणि_रील (ठाणे)

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. वर कायदा सांगितला तो बरोबरच असेल पण प्रमाण बघाल की नाही? मी बरीच वर्षं गरवतोय आणि दरवेळी नियम सांगितले जातात ते आम्हालाच. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, 5 फेब्रुवारी 2016 चा आदेश आहे, सप्टेंबर ते डिसेंबर चारच महिने परवानगी, तो कुठे नीट पाळला जातो? मासे गोळा करायला एलईडीचे झगझगीत दिवे लावून केलेली मासेमारी केंद्राने 2017 ला बंद केली, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहा, समुद्रात दिवाळी दिसते. एका रात्रीत एक बोट जेवढं काढते तेवढं महाराष्ट्रातले सगळे हौशी मिळून वर्षात काढत नसतील असं मला वाटतं. मग आधी त्यांचं बघा ना. हौशी माणूसच समुद्रावर प्रेम करतो, तोच कचरा उचलतो, त्यालाच सगळीकडून हाकललं तर किनाऱ्यावर बघायला तरी कोण राहणार?

---

खडपाकडचो (मालवण)

मी मालवणचोच. घरात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, आता भावाची छोटी होडी आहे, मी स्वतः सीझनला पर्यटकांना घेऊन जातो म्हणजे दोन्ही बाजू मला माहीत आहेत. ठाणेकर दादांचं अर्धं म्हणणं शंभर टक्के मान्य. पर्ससीन आणि बाहेरून येणारे हायस्पीड ट्रॉलर यांनी आमचा जीव नकोसा केलाय, जाळी तोडून नेतात, त्यावर आंदोलनं झाली, समुद्रात भांडणं झाली. त्यात तुम्ही हौशी लोकांनी आमच्या बाजूने आवाज उठवलात तर आम्हाला हवाच आहे.

पण उरलेलं अर्धं पटत नाही आणि का ते सांगतो. पर्ससीनवाला काय मारतो? तारली, बांगडा, म्हणजे थव्याने फिरणारा मासा. आज इथे, उद्या रेडीला, परवा गोव्यात. तुम्ही जिग सोडता ती कुठे? खडपावर. आणि खडपावरचा मासा फिरस्ता नाही, घर करून राहणारा आहे. गोबरा एक बीळ धरतो आणि वर्षानुवर्षं तिथेच असतो, आमचे म्हातारे लोक अमुक खडपाच्या अमुक कपारीत मोठा आहे म्हणून सांगायचे आणि तो असायचा. त्याला काढलात की ती कपार रिकामी, लगेच दुसरा येऊन बसत नाही. अशा जागेवर चार रॉड दोन सकाळ बसले तरी ते खडप पुढची काही वर्षं गप्प होतं. मोठ्या जाळ्याने समुद्राचं नुकसान होतं, रॉडने त्या एका खडपाचं होतं, दोन्ही वेगळी नुकसानं आहेत. एक थांबत नाही म्हणून दुसरं चालतं असं नाही ना.

आणि रॉडवाल्याला हवा असतो सगळ्यात मोठा मासा, फोटोसाठी. गोबऱ्याच्या जातीत मासा आधी मादी असतो आणि मोठा झाला की त्यातले काही नर होतात. सगळ्यात मोठे काढत गेलात की खडपावर नरच उरत नाहीत, मग बाकी माद्यांनी अंडी घालून काय उपयोग. हे आम्हाला कॉलेजातल्या सरांनी सांगितलं तेव्हा घरी वडलांना सांगितलं, ते म्हणाले म्हणजे लहान सोडायचा आणि मोठाही सोडायचा, मग खायचा कुठला! तर मधला. अगदी तसंच आहे ते.

आता अभयारण्याबद्दल. इथल्या लोकांचा त्याला विरोध होता आणि अजून आहे, हे बाहेरच्यांना कळत नाही. 1987 ला कागदावर रेघ मारली, किनाऱ्याला चिकटून, जिथे आमची होडी लागते तिथेच. ज्यांच्या पोटाचा प्रश्न त्यांना नीट विश्वासात घेतलं नाही. त्यामुळे अभयारण्य म्हटलं की आमच्याकडे अजून लोकांच्या कपाळावर आठी येते, की आज रेघ आहे उद्या बंदी येणार. अशा ठिकाणी जेव्हा बाहेरून आलेला माणूस मजेसाठी गाभ्यात गरी टाकतो आणि त्याला कोणी काही बोलत नाही तेव्हा आमच्या पोरांना काय वाटत असेल सांगा. बंदी आली तर ती आमच्यावर येणार, तुमची हौस होऊन तुम्ही परत जाणार.

आता तुम्हाला तो बोटवाला नेतो म्हणतोय त्याला मी नावं ठेवणार नाही, सीझन चार-पाच महिन्यांचा, घर त्यावर चालतं. पण त्याला तुम्हीच सांगा की किल्ल्याकडे नको, दुसरीकडे ने, पैसे तेवढेच देतो. गिऱ्हाईकाने सांगितलं की ऐकतात, मी बघितलंय. नांगराचंही सांगा. किल्ल्याभोवती प्रवाळ आहे, गेली काही वर्षं स्कुबा-स्नॉर्कलिंगच्या बोटींचे नांगर त्यावरच पडतात, एका नांगराच्या ओढीने जे तुटतं ते परत यायला किती वर्षं लागतात ते खाली उतरणाऱ्यांना विचारा. बोट वाहती ठेवून गरवायचं, नाहीतर रेतीत नांगर टाकायचा.

---

कांगारूंच्या_देशात (ब्रिस्बेन)

मालवणच्या भाऊंनी जे लिहिलंय ते वाचून राहवलं नाही. मी मूळचा पेणचा, इथे क्वीन्सलंडमध्ये बरीच वर्षं आहे आणि सुट्टी मिळाली की गरवतो.

इथे ग्रेट बॅरियर रीफचा प्रचंड पट्टा रंगांच्या झोनमध्ये वाटलाय. हिरव्या झोनमध्ये बोट न्या, पोहा, डायव्हिंग करा, पण मासा काढायचा नाही. पिवळ्या झोनमध्ये माणशी एक दोरी आणि एक गळ. निळ्या झोनमध्ये आणखी मोकळीक. 2004 च्या आधी हिरवा झोन 5 टक्क्यांच्याही खाली होता, तो एकदम 33 टक्के केला. तेव्हा हौशी गरवणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता, आमची जागा काढून घेतली म्हणून, आमच्या क्लबातले जुने लोक अजून सांगतात.

मग पुढे काय झालं? केपेल बेटांजवळ शास्त्रज्ञांनी माशांच्या डीएनएवरून पिल्लांचे आईबाप शोधले, 2012 ला तो अभ्यास आला. तिथल्या रीफचा फक्त 28 टक्के भाग बंद होता, पण आजूबाजूच्या 30 किलोमीटरमध्ये जी पिल्लं येऊन वसली त्यातली जवळपास निम्मी त्या बंद भागातल्या माशांची होती, आणि त्यातली कितीतरी उघड्या भागात, म्हणजे गरवणाऱ्यांच्याच वाट्याला. त्यातला कोरल ट्राउट हा तुमच्या गोबऱ्याच्याच कुटुंबातला. बंद जागा म्हणजे मुद्दल आहे, आपण बाहेर बसून व्याज खायचं.

पण एक गोष्ट भारतात सांगताना लोक विसरतात. इथे सरकारने व्यावसायिक मच्छीमारांना भरपाईचं पॅकेज दिलं, त्याचा खर्च वाढत वाढत 20 कोटी डॉलरच्या वर गेला. नुसती रेघ मारून निघून गेले नाहीत. आणि हद्द कुठे आहे ते फोनवर नकाशात आपल्या बोटीच्या ठिपक्यासकट दिसतं, त्यामुळे "माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय नाही. मालवणला कोणी निदान बोटवाल्यांच्या फोनमध्ये गाभ्याची हद्द टाकून दिली तरी फार मोठं काम होईल, आणि त्याला काही करोडो लागणार नाहीत.

अजून एक, पेणचा असल्यामुळे हे लिहिल्याशिवाय जाणार नाही. आपला जिताडा इथे बारामुंडी म्हणून राजासारखा मिरवतो. क्वीन्सलंडात 58 सेंटिमीटरच्या खाली सोडायचा आणि 120 च्या वरही सोडायचा. कारण जिताड्याचं गोबऱ्याच्या उलट, आधी नर आणि मग मोठेपणी मादी, म्हणजे सगळे थोराड जिताडे माद्या आणि एकेकीच्या पोटात लाखो अंडी. पूर्व किनाऱ्यावर त्याच्या विणीच्या हंगामात, 1 नोव्हेंबर ते 1 फेब्रुवारी, तो धरायलाच बंदी. आपल्याकडे तो पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वितो आणि लोक नेमके तेव्हाच पुलावर रॉड घेऊन उभे असतात! 1 जून ते 31 जुलैची पावसाळी मासेमारीबंदी यांत्रिक बोटींसाठी आहे, पण हौशी माणसाने ती आपल्यालाही लावून घेतली तर? मोठी जिताडी लागली की फोटो काढा, पाण्यातच ठेवून काढा, आणि सोडा. मला इथे तेच करताना जास्त आनंद होतो.

---

रॉड_आणि_रील (ठाणे)

फिरता मासा आणि घर करून राहणारा मासा हा फरक कोणी असा समजावून सांगितला नव्हता. खडपाचा मुद्दा मान्य. पण मग आम्ही पकडून सोडतो त्याचं काय, त्याने तर खडप रिकामं होत नाही ना?

---

निळी_फडकी (मुंबई, मत्स्यशास्त्र शिकतेय)

सोडलेला मासा जगतो का, हा खरा प्रश्न आहे. उथळ पाण्यात, पटकन काढून पटकन सोडला तर बहुतेक जगतो. पण खडपावरचे मासे खोलातून वर ओढले की त्यांच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. 12-15 वावांतून (साधारण 22-27 मीटर खोलीतून) काढलेला गोबरा बघितलाय का नीट? डोळे बाहेर आलेले, तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर, पोट टम्म. तो फुगा म्हणजे आतून ढकललं गेलेलं जठर असतं. लोक त्याला हवेची पिशवी समजून सुई नाहीतर गळाचं टोक टोचतात, तो मासा मग संपला. आणि तसाच पाण्यात टाकला तर खाली जाऊ शकत नाही, वर उलटा तरंगत राहतो आणि घारी उचलतात. आपण मात्र सोडला म्हणून समाधानाने पुढची जिग टाकतो.

उपाय आहे. जड शिसं घ्या, त्याला बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) काढलेला गळ उलटा बांधा, तो माशाच्या खालच्या ओठात अलगद अडकवून शिशासकट खाली सोडा. खोल गेल्यावर दाबाने पिशवी परत आकसते, मग झटका दिला की गळ सुटतो आणि मासा खाली मोकळा होतो. तयार उपकरणंही मिळतात. पण त्याहून सोपं म्हणजे खोल खडपावर सोडायच्या हेतूने गरवूच नका. हवे तेवढे खाण्यापुरते मिळाले की जागा बदला.

बाकी थोडक्यात. ट्रेबल हूक (तीन टोकांचा गळ) काढून एकेरी लावा आणि पक्कडीने बार्ब दाबून टाका. आमिषाने गरवत असाल तर सर्कल हूक (आत वळलेल्या टोकाचा गोल गळ), तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही. मासा धरायच्या आधी हात ओले करा, कोरड्या फडक्याने धरलात तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला रोगापासून वाचवतो. कल्ल्यात बोटं घालून उभा लटकवायचा नाही. लाईन बारीक घेऊन अर्धा तास खेळवण्यात मर्दुमकी नाही, मासा दमून मरतो, जाड लाईन घ्या.

आणि तुटलेली लाईन! खडपात अडकली की लोक सरळ कापून देतात. ती नायलॉनची दोरी प्रवाळात वर्षानुवर्षं तशीच राहते, कासवं अडकतात त्यात. जमेल तेवढी ओढून काढा, आणि बोटीत कापलेले तुकडे डब्यात भरून घरी न्या. समुद्रात एकही पडता कामा नये.

---

खडपाकडचो (मालवण)

निळी फडकी ताईंनी कासवाचं काढलं म्हणून सांगतो. आमच्याकडे जाळ्यात कासव किंवा देवमुशी आली तर आता बरेच जण जाळं कापून सोडतात. 2018 पासून राज्याच्या कांदळवन कक्षातर्फे भरपाई मिळते, 25 हजारांपर्यंत, फोटो-व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. पैसे हातात यायला वेळ लागतो ही तक्रार आहे, पण तरी फरक पडला. आधी जाळं वाचवायचं की कासव, हा विचार करायला लागायचा. कोणीतरी म्हटलं की तुझं नुकसान आम्ही भरतो, तर माणूस कासवच वाचवतो. अभयारण्याचंही असंच व्हायला हवं होतं, 1987 लाच.

---

खाऱ्या_पाण्याचा_नाद (पुणे)

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपला हा सगळा धागा वाचायला लावला आणि ठरलं, किल्ल्याकडे नाही. बोटवाल्याशी आज बोललो, पैसे तेच, जागा तुम्ही सुचवा पण अभयारण्याच्या बाहेर. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला बाहेर फिरत्या माशावर जाऊ, सुरमई लागली तर लागली. हेही ठरवलं की माणशी दोन मासे, जेवणापुरते, आणि आईस बॉक्स भरून पुण्याला न्यायचा नाही. मालवणचे भाऊ, आमच्यात दोघांना बोट लागते, त्यांच्यासाठी काठावरून काही होईल का?

---

खडपाकडचो (मालवण)

होय तर. देवबागला खाडीच्या काठाने बसवा, भरती चढायला लागली की मुडदुशी आणि शेवटे हे मासे येतात. हलका रॉड, छोटा गळ, आमिषाला कोळंबीचा तुकडा. फक्त संगमाच्या अगदी टोकाशी पाण्यात उतरू देऊ नका, ओहोटीला ओढ भयंकर असते, दरवर्षी कोणी ना कोणी पर्यटक तिथे फसतो. आणि सुरमईला जाणार असाल तर सहा नको, पाचला निघा, ऊन वर आलं की खाली जाते ती. वारा सुटला तर बोटवाला परत फिरूया म्हणेल, तेव्हा ऐका त्याचं.